स्लाइड फिल्म परतली, पण धुणार कोण?

शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारपेठेतल्या एखाद्या फोटो स्टुडिओत आज कुणी ‘एक्टाक्रोमचा रोल आहे का’ असं विचारलं, तर काउंटरवरचा तरुण बहुधा गोंधळेल आणि आत बसलेले त्याचे वडील मान वर करून म्हणतील, ‘अहो, ते बंद झालं ना?’ वडिलांचं चुकत नाही. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्चमध्ये उरल्यासुरल्या सगळ्या रंगीत स्लाइड फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढचं मात्र फारसं कुणापर्यंत पोचलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने एक्टाक्रोम परत आणण्याची घोषणा केली, त्याच वर्षअखेरीची मुदत दिली, ती चुकवली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ‘ई१००’ या नावाने ३५ मिमीचा रोल खरोखरच विक्रीला आला. १२० चा रोल आणि मोठ्या कॅमेऱ्याची शीट फिल्म २०१९ च्या अखेरीस आली.

बंद पडलेली वस्तू पुन्हा बनवायला एवढा वेळ का लागावा, आणि ती परत आल्यावर घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठच्या छायाचित्रकाराला तिचा नेमका काय उपयोग, हे कळायचं तर ही फिल्म चालते कशी ते आधी नीट पाहावं लागेल.

लग्नाच्या फोटोंसोबत पाकिटातून ज्या नारिंगी पट्ट्या यायच्या त्या निगेटिव्ह. त्यात आभाळ काळपट दिसायचं आणि नवरीचे केस पांढरे. खरे रंग दिसायचे ते कागदावर छापल्यानंतर. स्लाइड फिल्ममध्ये हा मधला टप्पाच नसतो. कॅमेऱ्यातून जी पट्टी निघते तीच धुतल्यावर खऱ्या रंगांतलं पारदर्शक चित्र होते. ती कापून पाच सेंटिमीटरच्या चौकटीत बसवायची आणि मागून दिवा लावून पडद्यावर पाहायची. पारदर्शक चित्रामागे दिवा ठेवून खेळ करण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे पटवर्धन काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने करत. पुढे गावोगावच्या थिएटरांत मध्यंतराला साडीच्या दुकानाच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींच्या काचा पडद्यावर सरकायच्या, त्याही याच जातीच्या.

आता फिल्मच्या आत शिरू. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचे थर दिलेले असतात, आणि हे जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासूनच येतं. त्या जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. मुख्य थर तीन. सर्वांत वरचा निळा प्रकाश टिपतो, मधला हिरवा, खालचा तांबडा. वरच्या थराखाली एक पिवळा गाळणीथर असतो, कारण चांदीचे क्षार मुळातच निळ्या प्रकाशाने बिघडतात आणि तो खाली झिरपला तर सगळे थर एकच गोष्ट सांगू लागतील. प्रत्येक थरात रंग बनवणारी रासायनिक द्रव्यंही दडवून ठेवलेली असतात. त्यांना कपलर म्हणतात. निळ्या थरातल्या कपलरपासून पिवळा रंग बनतो, हिरव्या थरातल्यापासून किरमिजी, तांबड्या थरातल्यापासून निळसर-हिरवा म्हणजे सायन. नीट पाहिलं तर प्रत्येक थर जो प्रकाश टिपतो, नेमका तोच अडवणारा रंग त्या थरात बनतो.

हे उलटसुलट वाटतं, पण उदाहरणाने लगेच सुटतं. खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा घ्या. पिवळ्या वस्तूकडून तांबडा आणि हिरवा प्रकाश येतो, निळा जवळजवळ येत नाही. म्हणजे खालचे दोन थर उजळले आणि वरचा कोरा राहिला. स्लाइडच्या प्रक्रियेत रंग बनतो तो न उजळलेल्या जागी. म्हणून फक्त वरच्या थरात पिवळा रंग तयार होतो, बाकीचे दोन थर तिथे स्वच्छ राहतात, आणि पडद्यावर भंडारा पिवळाच दिसतो. उसाचा फड हिरवा, म्हणून मधला थर उजळला आणि वर पिवळा, खाली सायन असे दोन रंग बनले. ते एकावर एक पडले की निळा आणि तांबडा प्रकाश अडतो आणि हिरवा तेवढा पलीकडे जातो. ट्रॅक्टरमागे नांगरटीत उतरलेल्या बगळ्याने तिन्ही थर उजळून टाकले, तिथे रंगच बनला नाही, फिल्म नितळ राहिली आणि दिव्याचा प्रकाश तसाच पडद्यावर पोचला. त्याच्या पायाखालच्या काळ्या रानाने फारसं काहीच उजळवलं नाही, म्हणून तिथे तिन्ही रंग दाट जमले आणि मिळून काळे झाले.

न उजळलेल्या जागी रंग आणायचं काम धुलाईचं. तिचं नाव ई-६, आणि ती १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. रोल अंधारात टाकीत चढवतात. पहिल्या डेव्हलपरमध्ये, ३८ अंश सेल्सिअसला सहा मिनिटं, प्रकाश लागलेले कण चांदीचे होतात. या घडीला फिल्मवर एक साधी कृष्णधवल निगेटिव्ह तयार असते, रंगाचा मागमूस नसतो. ही पायरी सगळ्यांत नाजूक. तापमान अर्ध्या अंशानेही हललेलं चालत नाही, कारण इथे किती चांदी बनली त्यावरून शेवटी चित्र किती उजळ हे ठरतं, आणि पुढच्या कुठल्याच पायरीत ती चूक भरून निघत नाही. मग पाण्याने धुऊन दोन मिनिटांची रिव्हर्सल बाथ. हिच्यातला कथिलाचा क्षार उरलेल्या, प्रकाश न लागलेल्या कणांना जणू प्रकाश लागल्यासारखंच करून टाकतो. जुन्या पद्धतीत यासाठी रीळ खरोखरच दिव्यासमोर धरत. त्यानंतर रंगीत डेव्हलपर, पुन्हा ३८ अंशांना सहा मिनिटं. तो उरलेल्या कणांची चांदी करतो आणि ते करताना स्वतः जे बदलतो, ते रूप शेजारच्या कपलरशी जुळून रंग बनवतं. टाकी आत्ता उघडली तर फिल्म काळीठिक्कर दिसेल, कारण दोन्ही खेपांची चांदी अजून आतच आहे. ब्लीच त्या चांदीचा पुन्हा क्षार करतं, फिक्सर तो विरघळवून काढून टाकतो. सरतेशेवटी फिल्मवर चांदीचा कणही उरत नाही, उरतात ते फक्त तीन रंग.

कोडॅकचीच दुसरी, जास्त नावाजलेली स्लाइड फिल्म, १९३५ सालची कोडाक्रोम, का परत आली नाही याचं उत्तर इथेच आहे. कोडाक्रोममध्ये कपलर फिल्मच्या आत नसायचे; ते धुलाईच्या रसायनांतून, थराथराला वेगवेगळे घालावे लागत. त्याला मोठं यंत्र हवं आणि शेजारी रसायनं तपासणारा जाणकार हवा. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ‘ड्वेन्स फोटो’ ही जगातली शेवटची कोडाक्रोम लॅब होती. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं आणि त्या दिवसापासून कपाटात उरलेले कोडाक्रोम रोल रंगापुरते तरी निकामी झाले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांनी २०१० मध्ये वापरला. त्या छत्तीस फ्रेममध्ये अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास हे आपल्या हिंदी सिनेमातले चेहरे आहेत, आणि राजस्थानातले रबारीही.

एक्टाक्रोमचं तसं नव्हतं. १९४६ मध्ये ती आली तीच मुळी घरीसुद्धा धुता येईल अशी. शिवाय कोडॅकने हात आखडता घेतला त्या सहा वर्षांत जपानच्या फुजीने प्रोव्हिया आणि व्हेल्विया या स्लाइड फिल्म चालू ठेवल्या. त्यांनाही ई-६ च लागते. त्यामुळे जगभर थोड्या का होईना, ई-६ लॅब जिवंत राहिल्या. माझं म्हणणं असं की एक्टाक्रोमच्या परत येण्याचं निम्मं श्रेय प्रतिस्पर्धी कंपनीला आणि त्या चिवट लॅबवाल्यांना द्यायला हवं. उरलेलं निम्मं हॉलिवूडला. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कारखान्यात पट्टीवर थर चढवणारं अवाढव्य यंत्र बंद पडलं नाही, कारण काही दिग्दर्शक सिनेमा फिल्मवरच काढायचा म्हणून हटून बसले आणि २०१५ मध्ये मोठ्या स्टुडिओंनी कोडॅकशी फिल्म घेत राहण्याचे करार केले. त्याच यंत्रावर पाळी लावून स्लाइड फिल्म काढता आली. यंत्र एकदा गंजलं की काय होतं ते आपल्याकडे उटीला पाहायला मिळालं. हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा कृष्णधवल रोल एके काळी देशभर मिळायचा. तो सरकारी कारखाना बंद पडला तो पडलाच.

तरीही पावणेदोन वर्षं लागली. स्लाइड फिल्मच्या कृतीत कित्येक डझन घटक असतात, आणि त्यांतले अनेक दुसऱ्या कंपन्या फक्त कोडॅकसाठीच बनवत. मागणी संपली तसे ते पुरवठादारही संपले. काही द्रव्यं नव्याने बनवून घ्यावी लागली, काहींच्या जागी दुसरी बसवून सगळ्या थरांचा तोल पुन्हा साधावा लागला. शिवाय जुनी कृती लाखो रोल खपण्याच्या काळातली. थोडा माल काढायचा तर मापं नुसती भागून चालत नाहीत. लहान घाणीत मिश्रण वेगळं वागतं. म्हणून नवी ई१०० जुन्या ई१००जीची हुबेहूब नक्कल नाही, तिची जवळची नातलग आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. छापील मासिकांच्या काळात उत्तर सोपं होतं. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लॅबमधला माणूस किंवा त्याचं यंत्र रंग ठरवतं. स्लाइडमध्ये कॅमेऱ्याने जे पाहिलं तेच हातात येतं. म्हणून दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठासाठी छापखाने ट्रान्सपरन्सी मागत. उत्खननाच्या कामातही तेच. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणून काढली. अशा ठिकाणी राखेचा थर कुठे संपतो, चुन्याची जमीन कुठे सुरू होते, पांढरीची माती कुठे काळी पडते हे रंगावरूनच वाचायचं असतं. तिथे मधल्या कुणाच्या मर्जीवर रंग अवलंबून असून भागत नाही. आज हे सगळं डिजिटलने होतं आणि सोयीने होतं, यात वाद नाही. स्लाइड फिल्म आता वापरायची ती तिच्या रंगांसाठी, पडद्यावर मोठ्ठं पाहण्याच्या सुखासाठी, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक फ्रेमआधी थांबून विचार करायला लागावा म्हणून.

विचार करावाच लागतो, कारण ही फिल्म माफ करत नाही. निगेटिव्हवर दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट प्रकाश पडला तरी छापताना सावरून घेता येतं. स्लाइड मात्र पाच-सहा स्टॉपचाच पल्ला झेपवते. जास्त प्रकाश पडला तिथे रंगच बनत नाही, नितळ फिल्म राहते, आणि जिथे काहीच नाही तिथून कुठलाही स्कॅनर काही काढू शकत नाही. म्हणून नियम असा की मोजमाप उजळ भागाचं करायचं आणि सावल्यांना त्यांच्या नशिबावर सोडायचं.

आपल्या भागात हे कसं जमवायचं? टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे सगळ्यांच्या परिचयाचे. दुपारी बाराला तिथे गेलात तर काळाभोर बेसॉल्ट आणि पाण्याचा पांढरा फेस यांच्यात एवढं अंतर पडतं की स्लाइडला दोन्ही टोकं धरता येत नाहीत. सकाळी लवकर, ऊन खडकावर चढायच्या आत जा. दुपारीच जायची वेळ आली तर फेसाचं मोजमाप घ्या, मीटर सांगेल त्याहून दीड-दोन स्टॉप जास्त प्रकाश द्या आणि खडक काळा गेला तर जाऊ द्या. तो मुळात काळाच आहे. शंका असेल तिथे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने वर-खाली अशा तीन फ्रेम घ्याव्यात. महाग पडतं, पण दुसरी वारी त्याहून महाग.

मोराच्या चिंचोलीत अडचण वेगळी. मोर बाहेर पडतात ते पहाटे आणि संध्याकाळी, तेही झाडांच्या सावलीत. आयएसओ १०० ला सावलीत शटर १/६० च्या आसपास घुटमळतं, आणि मोर काही स्टुडिओत बसलेला नसतो. शिवाय सावलीत प्रकाश येतो तो निळ्या आभाळाचा. डोळा ते निळेपण आपोआप वजा करतो, फिल्म करत नाही. ८१ए नावाचा फिकट तपकिरी फिल्टर लावला की ते उतरतं. पुढे भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, रोहितांचे फोटो काढताना सकाळच्या स्वच्छ उन्हात एफ ५.६ ला १/५०० मिळतो, तेवढा पुरतो. मात्र पक्षी फिकट, पाणी चकाकतं, त्यामुळे मीटर घाबरून प्रकाश कमी करतं आणि रोहित मळकट येतात. अर्धा ते एक स्टॉप वाढवा. काळ्या रानाचा फोटो असेल तर याच्या उलट, एक-दीड स्टॉप कमी.

मीटरवर विश्वास बसत नसेल तर एक हमखास उपाय दौंड तालुक्यात जागोजागी उभा आहे. कोवळा, हिरवागार ऊस जवळजवळ तेवढाच प्रकाश परत फेकतो जेवढा मीटर गृहीत धरतं. ज्या उन्हात तुमचा विषय आहे त्याच उन्हातल्या उसावर मीटर धरा, आकडा लक्षात ठेवा आणि त्यावरच फोटो काढा. मीटर बंदच पडलं असेल तर भर उन्हात एफ १६ आणि १/१२५.

घरातला आणि देवळातला प्रकाश ही तिसरी गोष्ट. ई१०० दिवसाच्या उजेडासाठी बनवली आहे. समईच्या उजेडात ती केशरी रंगते, आणि रांजणगावच्या गणपतीसमोर ते शोभूनही दिसेल; पण ट्यूबलाइटखाली माणसांचे चेहरे हिरवट येतात, तिथे ही फिल्म चढवूच नये.

आणि ऊन. आपला हा अवर्षणाचा पट्टा मे महिन्यात चाळिशीच्या वर तापतो. न वापरलेला रोल २१ अंशांखाली ठेवावा, म्हणजे फ्रिजमध्येच. बाहेर काढल्यावर दीड-दोन तास डबी उघडू नये, नाहीतर दव धरतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेला रोल रंग बदलून बसतो. या कोरड्या हवेचा एक फायदा मात्र आहे. कोकणात स्लाइडवर बुरशी चढते तशी ती इथे सहसा चढत नाही. घरात वडिलांच्या किंवा काकांच्या जुन्या स्लाइड असतील तर पेटी उघडून पाहा. कोडाक्रोम असतील तर रंग बहुधा टवटवीत असतील, फक्त प्रोजेक्टरवर फार वेळ ठेवू नका, उजेडात त्या लवकर विटतात. साठच्या दशकातल्या एक्टाक्रोम लालसर झालेल्या असण्याचा संभव जास्त, त्या आधी स्कॅन करून घ्या. पाहायला प्रोजेक्टर जुन्या बाजारातच शोधावा लागेल. कोडॅकने आपले स्लाइड प्रोजेक्टर २००४ मध्येच बंद केले आणि ते परत आणण्याची भाषा कुणी करत नाही.

आता मुख्य अडचण. तालुक्याच्या स्टुडिओत पूर्वी जे रंगीत रोल धुतले जात ते सी-४१ या निगेटिव्हच्या प्रक्रियेने. त्यात स्लाइड घातली तर चित्र येतं, पण भडक, विचित्र रंगांची निगेटिव्ह म्हणून. काहींना तेच हवं असतं, ते असो. ई-६ धुणाऱ्या लॅब देशात आता मोजक्याच. त्यांची रसायनं मिसळल्यावर फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पुरेसे रोल जमले की त्या एकदम घाणी लावतात. तुमचा रोल कुरिअरने गेला तरी आपल्या पाळीची वाट पाहत पडतो. घरी धुण्याचे तीन रसायनांचे संच मिळतात आणि एका बादलीत ३८ अंशांचं पाणी राखता आलं तर काम जमण्यासारखं आहे. गंमत म्हणजे इकडे उन्हाळ्यात पाणी गरम करायचं नसतं, गच्चीवरच्या टाकीतून आलेलं गारच करावं लागतं. बोअरचं पाणी क्षारांचं, त्यामुळे शेवटचं विसळणं तरी डिस्टिल्ड पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग उठतात. पहिला रोल मात्र घरी धुऊ नका. चांगल्या लॅबने धुतलेला एक रोल आधी पाहिलेला असेल तरच आपलं काय चुकलं ते कळतं.

म्हणून रोल मागवण्याआधी लॅबला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: ई-६ ची पुढची घाणी कधी लागणार, स्लाइड चौकटीत बसवून मिळणार की नुसत्या पट्ट्या, आणि स्कॅनचे वेगळे किती. रोल, धुलाई आणि कुरिअर मिळून खर्च हजारांत जातो, तेव्हा दहा रोल घेऊन फ्रिज भरू नका. एक घ्या, महिन्याभरात संपवा आणि लगेच धुवायला पाठवा. लॅबला तेच हवं आहे.